जुना वस्तरा, सलूनचा वस्तरा की सेफ्टी रेझर?

घरी वस्तऱ्याने दाढी करायची म्हणून शोधायला लागलं की दोन प्रकारचे वस्तरे समोर येतात. एक जुन्या पद्धतीचा, अख्खं पातं पोलादाचं, मुठीत मिटणारा. दुसरा सलूनमधला, ज्यात ब्लेडचा अर्धा तुकडा सरकवतात आणि दाढी झाली की टाकून देतात. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून बहुतेकांचा हिशेब असा असतो: आधी दोन-तीनशे रुपयांचा सलूनवाला घेऊ, हात बसला की खरा घेऊ. हा हिशेब मला पटत नाही.

सलूनच्या वस्तऱ्यातलं ब्लेड पातळ असतं, धार कडक असते आणि दोन्ही टोकं अणकुचीदार. साधन इतकं हलकं की नवखा माणूस नकळत दाबतो, आणि दाबलं की रक्त. जुन्या वस्तऱ्याला स्वतःचं वजन असतं. ते वजनच केस कापतं, हाताने फक्त दिशा द्यायची. चामड्यावर फिरवलेली धार त्वचेला मऊ लागते. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातं तर बोलतंही: कोन बरोबर असेल तर खुंट कापले जाताना खरखर ऐकू येते, बिघडला तर तो आवाज बदलतो. सलूनच्या वस्तऱ्यात ही खूण फारच पुसट. म्हणजे स्वस्तातला पर्याय शिकायला सोपा नाही, उलट जास्त कडक मास्तर आहे.

मग न्हावी तोच का वापरतात? कारण त्यांच्यासमोर दिवसभरात अनेक चेहरे येतात. एकाच पात्याने सगळ्यांची दाढी केली तर रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका, म्हणून प्रत्येकाला नवं ब्लेड. घरी वस्तरा एकट्याचाच असेल तर हे कारण उरत नाही. कल्ले आणि दाढीची कड रेखायला मात्र तो उत्तम. ब्लेड छोटं असल्यामुळे नेमकी रेघ दिसते.

जुन्या वस्तऱ्याचा खरा खर्च दाढीत नसून धारेत आहे. जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा फ्रान्समधल्या तिएरचा नवा वस्तरा आयात शुल्क धरून बहुधा पाच आकड्यांत जातो. पाच किंवा सहा अष्टमांश इंच रुंदीचा आणि गोल टोकाचा घ्या. धार लावूनच पाठवणार का, हे विक्रेत्याला आधी विचारा. कारखान्याची धार दाढीला पुरेलच असं नाही. ऑनलाइन मिळणारे चकचकीत, अतिस्वस्त ‘वस्तरे’ टाळा. त्यातले बरेच नुसते वस्तऱ्याच्या आकाराचे पत्रे असतात, धार धरत नाहीत. जुन्या बाजारात इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असलेला दिसला तर धारेवर बारीक तडा किंवा गंज नाही ना, हे उजेडात नीट पाहून घ्या.

सोबत चामड्याचा पट्टा लागतोच. दर दाढीआधी त्यावर पन्नासेक फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे. उलटवताना पाठीवरून फिरवायचा, धारेवरून कधीच नाही. सुरुवातीला पट्ट्याला काप जाणारच, म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्यावा. धार उतरली की आठ ते बारा हजार ग्रिटचा, म्हणजे अगदी बारीक कणांचा, धारेचा दगड. पातं पाठीसकट दगडावर टेकवलं की कोन आपोआप ठरतो, एवढी एक सोय आहे. सुऱ्या-कात्र्यांना चाकावर धार लावणाऱ्याकडे मात्र वस्तरा चुकूनही देऊ नका. चाकाच्या उष्णतेने पोलाद मऊ पडतं. आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात प्रत्येक वेळी पातं कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा लागेल.

हा व्याप नको, म्हणूनच सेफ्टी रेझर आला. जिलेटने 1903 साली तो विकायला काढला तेव्हा पहिल्या वर्षी 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पुढे मात्र धार लावायची कटकटच संपवणाऱ्या या कल्पनेने घराघरातला वस्तरा मागे टाकला. आपल्याकडे एक ब्लेड काही रुपयांत मिळतं, दाढी गुळगुळीत होते, कोन रेझरच ठरवतो. तुम्हाला कार्ट्रिजचा, म्हणजे अनेक पात्यांच्या रेझरच्या बदलायच्या डोक्यांचा, खर्च वाचवायचा असेल किंवा दाढीनंतर मानेवर पुरळ येत असेल, तर इथेच थांबा. फक्त आठवड्याने दाढी करणाऱ्याला तो जरा रडवतो, वाढलेले केस फटीत अडकतात. तिथे वस्तरा सरस.

तेव्हा मी विचारेन ते एवढंच: धार सांभाळणं तुम्हाला आवडेल का? आवडणार असेल तर मधली पायरी गाळून थेट जुना वस्तरा आणि पट्टा घ्या, दगड नंतर. हात थरथरत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर उघडं पातं नकोच.

पहिले काही आठवडे फक्त गालांवर वस्तरा चालवा आणि हनुवटी, वरचा ओठ, मान सेफ्टी रेझरने उरका. दाढी कोमट पाण्याने भिजवा, कातडी ताणून धरा, पातं गालाशी साधारण तीस अंशांत ठेवा आणि धारेच्या दिशेने आडवं कधीच सरकवू नका. शेवटी ओली तुरटी फिरवलीत की कुठे चुकलं ते झोंबून लगेच कळेल.