कॅम्परचे झरोके हिवाळ्यासाठी बंद करताना: टेप, जाळी की बोळे?

मिनेसोटात दिवाळी येईपर्यंत कॅम्परच्या, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घराच्या, नळांत न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरून तो उभा करून ठेवावा लागतो, आणि पाडव्याला गुढी उभारताना अंगणात अजून बर्फ असतो. म्हणजे पाच-सहा महिने गाडी एकटी. तिच्या अंगाला फर्नेसचा (गाडी तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा), गिझरचा, फ्रिजमागचा, चुलीवरच्या एक्झॉस्टचा असे झरोके, सगळे उघडे. यंदा नवा कॅम्पर घेतलेल्या दोघा मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला: टेप लावू की जाळी? उत्तर झरोक्यागणिक बदलतं, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला कोणाला अडवायचंय त्यावर ठरतं. उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल शिरते तिथे तो शिरतो. कोळी आणि कुंभारमाशी त्याहून बारीक, पण त्यांचा उपद्रव थंडीत नसतो, आधी आणि नंतर असतो. वाऱ्याबरोबर उडणारा बर्फ तर कुठूनही येतो.

टेप सगळ्यात स्वस्त. अर्ध्या तासात काम होतं, बर्फ आणि किडे थांबतात. उंदीर मात्र थांबत नाही, तो टेप कुरतडतो. निळा पेंटर टेप साधारण 14 दिवसांत डाग न ठेवता निघावा अशा हिशेबाने बनवलेला असतो. त्याला पाच महिने उन्हाथंडीत ठेवलं की एक तर गळून पडतो, नाहीतर असा चिकटतो की नखं दुखतात. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून जाड डक्ट टेप लावला होता. मे महिन्यात तो काढताना बाजूच्या रंगीत पट्ट्याही सोलून आल्या. रोग परवडला पण औषध नको, अशी गत. टेपच लावायचा असेल तर झरोक्यावर आधी प्लास्टिकचा तुकडा धरा, टेप फक्त कडांना लावा, आणि थंडी पडण्याआधी लावा. गार पत्र्यावर गोंद धरत नाही.

टेपचा खरा धोका वसंतात असतो: तो विसरला जातो. फर्नेसचं धुराडं बंद आणि आत कोणी फर्नेस पेटवली, तर धुराला बाहेर जायला वाट नाही. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. म्हणून झाकलेला प्रत्येक झरोका कागदावर लिहून तो कागद गॅसच्या सिलिंडरच्या नळीला बांधा. सिलिंडर उघडायला हात गेला की कागद हाताशी येईल.

जाळीचं उलट आहे. खर्च आणि खटपट जास्त, पण उंदीर अडतो आणि हवा खेळती राहते. फ्रिजमागच्या झडपेला आतून 6 मिलिमीटरहून किंचित बारीक चौकटीची गॅल्व्हनाइज्ड जाळी पत्र्याच्या कात्रीने कापून बसवा. ती कायमची राहिली तरी चालते, कारण भोकं पुरेशी मोठी असतात. गिझर आणि फर्नेससाठी बारीक स्टीलच्या तयार टोप्या मिळतात, स्प्रिंगने अडकणाऱ्या. या टोप्यांबद्दल माझं मत कडक आहे: फर्नेसवरची टोपी फक्त साठवणीपुरती. सबर्बन कंपनीच्या फर्नेसच्या पुस्तिकेत झरोक्याला जाळी लावू नका, ती तुंबते, असं स्पष्ट म्हटलंय. बरेच जण तरी वर्षभर ठेवतात. मी ठेवत नाही.

बोळे कोंबणं हा तिसरा मार्ग. साधी स्टील वूल गंजते आणि पांढऱ्या फायबरग्लासवर तांबडे ओघळ उतरतात. त्यापेक्षा तांब्याची जाळी बरी, ती गंजत नाही. फवारून फुगणारा फोम झरोक्यात कधीच नको. उंदीर तो आरामात पोखरतो आणि तुम्हाला तो उपकरणातून खरवडून काढावा लागतो.

आणि ते मोठं कापडी आच्छादन? ते पावसा-बर्फासाठी. त्याखाली उंदराला उलट आडोसाच मिळतो. ताडपत्री तर नकोच; वाऱ्याने घासून रंग जातो, आत ओल कोंडते.

ओलीवरून आठवलं, सगळंच हवाबंद करायच्या नादात गॅस सिलिंडरच्या कप्प्याची खालची भोकं बुजवू नका. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर पडायला हवा. बॅटरीच्या पेटीची भोकंही तशीच सोडा. छतावरच्या झडपेला वरून टोप असेल तर ती बोटभर उघडी ठेवा, नाहीतर वसंतात गाद्यांना बुरशीचा वास येतो.

थोडक्यात सांगायचं तर गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर टेप आणि दोन-चार पिंजरे पुरतात. शेताच्या कडेला किंवा उघड्या यार्डात असेल तर फ्रिजमागे जाळी, फर्नेस-गिझरला तात्पुरत्या टोप्या, बाकी टेप. एवढं करूनही आत लेंड्या सापडल्याच तर झाडू घेऊन धूळ उडवू नका. अमेरिकेतल्या हरिण-उंदरांच्या विष्ठेतून हंटा विषाणू पसरतो. दारं-खिडक्या उघडून आधी हवा खेळू द्या, मग पातळ ब्लीचने भिजवून पुसून घ्या.

आणि रात्री एक प्रयोग करून बघा. आत मोठा दिवा लावायचा, सतरंजी घेऊन गाडीखाली आडवं व्हायचं, आणि उजेड कुठून गळतो ते पाहायचं. मागच्या वर्षी मला तीन ठिकाणी दिसला: गॅसची नळी, विजेची दोरी आणि सांडपाण्याचा पाइप जिथे गाडीच्या तळातून आत शिरतात तिथे. झरोका त्यात एकही नव्हता.