आधी जेल की ॲक्रिलिक?

वडोदऱ्यात सलूनमध्ये नेलच्या कामाला लागणाऱ्या मुलींनो, हात आधी जेलवर (नखांवर ब्रशने चढवायचा चिकट थर) बसवा. जेल दिव्याखाली जाईपर्यंत घट्ट होत नाही, त्यामुळे वाकडं गेलेलं ब्रशने सारखं करता येतं. मग एलईडी दिव्यात साधारण 30 ते 60 सेकंदांत पक्कं.

ॲक्रिलिक इतकी सवड देत नाही. द्रव आणि पावडर एकत्र आले की गोळा लगेच आवळू लागतो, मे महिन्यातल्या उकाड्यात तर आणखी भराभर. वासही उग्र. स्वस्त द्रवात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट हे रसायन) असेल तर घेऊच नका. त्याचं नख इतकं कडक होतं की ठेच लागल्यावर खालचं खरं नखही उचकटतं. ईएमएचं (इथाइल मेथाक्रिलेटचं) द्रव मागा. पण लांब नखं आणि मजबुती हवी तर ॲक्रिलिकच.

जेलला वास नाही म्हणून गाफील राहू नका (सगळ्या राहतात!). कच्चं जेल वारंवार कातडीला लागलं तर ॲलर्जी होते आणि ती सहसा जन्मभर सुटत नाही.

नवरात्रात गरब्याच्या टाळ्या वाजवणाऱ्या गिऱ्हाइकाला आखूड नखांवर जेल पॉलिशच द्या. ॲसिटोनने पंधरा मिनिटांत निघतं.