पेनलेस की साधी? दीड महिन्याच्या लसीचं काय करायचं

बाळ दीड महिन्याचं झालं की डॉक्टर विचारतात, पेनलेस द्यायची की साधी, आणि आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. एकीला डोसमागे तीन-चार हजार, दुसरी सरकारी दवाखान्यात फुकट, मग महाग तीच चांगली असणार असं वाटतंच. पण तसं सरळ नाहीये ते.

धनुर्वात, घटसर्प, हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया आणणारा जंतू) हे दोन्हीत असतंच, सगळा घोळ डांग्या खोकल्याच्या भागाचा आहे. साध्या लसीत तो जंतू मारून अख्खाच्या अख्खा घातलेला असतो, पेनलेसमध्ये त्याचे निवडक तुकडे. अख्ख्या जंतूबरोबर ताप आणणारा मालमसालाही आत जातो म्हणून साध्या लसीनंतर मांडी सुजणं, ताप, किरकिर जास्त. सुई टोचताना मात्र बाळ दोन्हीकडे तेवढंच बोंबलतं हां.

आता हा त्रास म्हणजे बहुतेक बाळांना एक-दोन दिवस. एक रात्र कडेवर घेऊन येरझाऱ्या, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, सुजेवर गार पाण्याची पट्टी, बस. शेकायचं नाही, चोळायचं नाही, हे घरातल्या आज्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा नाहीतर तव्यावर फडकं गरम व्हायला लागलेलंच असतं. तीन तास न थांबता रडणं, अंग ढिलं पडून निपचित होणं, झटका, हे क्वचित होतं पण झालं तर लगेच डॉक्टर गाठा, आणि पुढच्या डोसला हे आठवणीने सांगा, कारण तेव्हा बरेच डॉक्टर पेनलेसकडे वळतात.

मग संरक्षणाचं काय? इथे पारडं साध्या लसीकडे झुकतं. जपानमध्ये साध्या लसीनंतर दोन बाळं दगावली म्हणून 1975 मध्ये लसीकरण थांबवलं, लोक घाबरून लांब राहिले, आणि 1979 मध्ये डांग्या खोकल्याच्या 13,000 च्या आसपास केसेस झाल्या, 41 जण गेले. त्यातूनच तिकडे पेनलेस आली, 1981 मध्ये. अमेरिकेने तर नव्वदच्या दशकात पूर्णच पेनलेस धरली, आणि 2010 मध्ये कॅलिफोर्नियात 9,000 च्या वर केसेस, 10 तान्ही बाळं गेली. डोस सगळे वेळेवर झालेली शाळकरी पोरंसुद्धा खोकत होती कारण पेनलेसचा असर काही वर्षांत लवकर उतरतो. म्हणून जिथे साधी लस चालू आहे तिथे पहिले तीन डोस तिचेच ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

टोचण्यांचा हिशोबही बघा. सरकारी केंद्रात सहाव्या आठवड्याला पेंटा (म्हणजे पाच आजारांवरची साधी लस), न्यूमोनियाची आणि दंडावर पोलिओची छोटी अशा तीन सुया, शिवाय पोलिओ आणि रोटाचे (जुलाबाच्या विषाणूवरचे) थेंब. खासगीत सिक्स-इन-वन (सहा आजारांची एकच लस) घेतली तर पोलिओ तिच्यातच, म्हणजे एक सुई वाचते. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं की सिक्स-इन-वन साधीही मिळते, आपल्या पुण्याच्या सीरम कंपनीची हेक्सासिल, पॅनेशिया कंपनीची ईझीसिक्स, आणि ती पेनलेसपेक्षा स्वस्त पडते. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही पण.

माझं मत विचाराल तर पहिले तीन डोस साधे, सरकारीत घ्या नाहीतर खासगीत, आणि दीड वर्षाच्या बूस्टरला ऐपत असेल तर पेनलेस. घरात बाळाला बघायला कुणीच नाही, दोघंही नोकरीवर, ताप आला की हातपाय गळतात, अशांनी पेनलेस घेतली तरी बिघडत नाही, पण मग पाच वर्षांचा डोस अजिबात चुकवू नका. लई जण शाळेच्या गडबडीत नेमका तोच विसरतात, आणि सात वर्षं उलटली की साधी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) देतच नाहीत, मग त्याच तिघांवरची मोठ्यांची लस, टीडॅप, विकत घ्यावी लागते.

आणि दुसऱ्यांदा दिवस गेले असतील तर गरोदरपणातच सातव्या महिन्यापासून ही टीडॅप आईने घ्यायची का ते डॉक्टरांना विचाराच, सरकारीत टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मिळते पण तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो आणि सहा आठवड्यांच्या आतलं बाळ तोवर उघडंच असतं.