पोटॅशियम उतरवणारी पावडर : आठ महिन्यांचा अनुभव

तासगाव तालुक्यातली आमची द्राक्षबाग. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द लग्न होऊन आले त्याच वर्षी माझे पाठ झाले होते. पालाश म्हणजेच पोटॅशियम, आणि ते माणसाच्या रक्तात साचलं तर हृदय बंद पडू शकतं, हे मात्र कळलं गेल्या मे महिन्यात. सासऱ्यांचा रिपोर्ट आला : ६.३. साधारण ३.५ ते ५ च्या आत हवं. (आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात, पुढे तसंच लिहिते.)

मामांचं वय ७१. जुना मधुमेह, किडनीचा आजार चौथ्या टप्प्यात, क्रिएटिनीन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) २.८. मेमध्ये गुडघे दुखले म्हणून त्यांनी कुणाला न विचारता दुखण्याच्या गोळ्या आठ-दहा दिवस घेतल्या. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालूच होती, तीही पोटॅशियम धरून ठेवते. ह्यांनी कौतुकानं ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलं होतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि मामा गळाल्यासारखे दिसतात म्हणून जो येईल तो शहाळं घेऊन येत होता. पोटॅशियम वाढवणारं एवढं सगळं एकदम जमून आलं. एका सकाळी पायात जोरच नाही म्हणाले.

त्या रात्री दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम, इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलं, नेब्युलायझर लावला. आमच्या पावडरीचा प्रवेश त्यानंतरचा. हे मुद्दाम सांगते, कारण ‘पोटॅशियम वाढलंय, पावडर देऊ आणि सकाळी बघू’ असं करणारे लोक मी ओपीडीच्या रांगेत पाहिले. या पावडरीला काम करायला कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस लागतात. छातीत धडधड, हातपाय लुळे, किंवा रिपोर्ट सहाच्या वर असेल तर गाडी काढायची, कपात चमचा फिरवत बसायचं नाही.

औषधाचं नाव कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट, १५ ग्रॅमची पुडी. ते रक्तात शिरतच नाही. आतड्यात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, स्वतःजवळचं कॅल्शियम सोडतं, पोटॅशियम धरतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. या औषधानं किडनी सुधारत नाही. किडनीला न जमणारं एक काम आतड्याकडून करून घेतलं जातं, एवढंच. फायदा असा की मामांची टेल्मिसार्टन, जी किडनी जपण्यासाठीही होती, ती आधी बंद केली होती ती महिन्याभरानं कमी ताकदीची परत सुरू करता आली.

चव म्हणाल तर चव नाहीच, पण दाताखाली वाळू. विरघळत नाही, तळाशी बसते. अर्ध्या कपाहून थोडं कमी पाणी घ्यायचं, ढवळायचं आणि ढवळता ढवळताच प्यायचं. मग त्याच कपात थोडं पाणी घालून विसळून तेही. मामांना ती चहात हवी होती. गरम केल्यानं तिची पकडायची ताकद बिघडते, म्हणून दिली नाही. आत्यांनी तिसऱ्याच दिवशी ‘बिचाऱ्यांना गिळवत नाही’ म्हणून मोसंबीच्या रसात कालवून दिली. पोटॅशियम पकडायचं औषध पोटॅशियमच्याच रसात! त्यांना समजावलं तर म्हणाल्या, “अगं, मग डॉक्टरांनी आधी सांगायचं की.” खरंच कुणी सांगितलं नव्हतं. एकदा दुपारी आडवे पडूनच घेतली, तेव्हा असा ठसका लागला की डॉक्टरांनी नंतर ताकीद दिली : सरळ बसूनच, दाणे श्वासनळीत गेले तर फुफ्फुसाला त्रास होतो.

पण खरी गोम चवीत नाही, घड्याळात आहे. ही पावडर फक्त पोटॅशियमच धरत नाही, इतर गोळ्याही अडकवून ठेवू शकते. म्हणून तोंडाने घ्यायच्या बाकी औषधांपासून तीन तास आधी, तीन तास नंतर अंतर. मामांना दिवसाला नऊ गोळ्या. मी शाळेत शिकवते, तेव्हा वेळापत्रक बसवणं माझ्याकडे आलं : आठला गोळ्या, अकराला पावडर, दोनला गोळ्या, पाचला पावडर, आठला गोळ्या. फ्रिजवर कागद चिकटवला, मोबाइलवर गजर लावले. सुरुवातीचे दोन आठवडे दोन पुड्या, मग पोटॅशियम ४.९ आल्यावर रोज एक. (हे प्रमाण मामांचं. तुमचं तुमचा डॉक्टर तुमच्या रिपोर्टवर ठरवेल.)

एकच पुडी झाली तेव्हा आम्ही शहाणपणा केला. सकाळी सहाला देऊन टाकली की दिवस मोकळा! सहालाच उपाशीपोटी त्यांची थायरॉइडची गोळी असते, हे लक्षातच आलं नाही. दोन महिन्यांनी मामा सारखे पेंगायला लागले, थंडी वाजते म्हणायला लागले. आम्हाला वाटलं किडनी उतरली. टीएसएच १२ निघालं, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं. थायरॉइडच्या डॉक्टरांनी डोस वाढवायला पेन उचललं होतं, तेवढ्यात मी पावडरीचं नाव काढलं. त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, “कधी देता?” पुडी अकरावर नेली, डोस तोच ठेवला, सहा आठवड्यांनी टीएसएच जाग्यावर. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही पुडी यादीत लिहून न्या. पावडर म्हटलं की लोकांना ती औषधच वाटत नाही.

बद्धकोष्ठ. याबद्दल कुणी मोकळेपणाने लिहीत नाही, म्हणून लिहिते. दुसऱ्या आठवड्यात मामांना चार दिवस साफ झालं नाही, पोट टणक. पावडर बाहेर पडायचा रस्ता तोच, आणि किडनी थकलेल्या माणसात आतडंही पोटॅशियम बाहेर टाकायला हातभार लावत असतं. तो रस्ताच तुंबला तर दोन्हीकडून नुकसान. फोन केल्यावर डॉक्टर रागावले : दोन दिवस झालं नाही की तिसऱ्या दिवशी पुडी थांबवून विचारायचं. लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध सुरू केलं. सॉर्बिटॉल असलेलं रेचक या पावडरीसोबत अजिबात नाही, आतड्याला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं आहेत. मॅग्नेशियमचं पांढरं पातळ औषध, जे आमच्या घरात ‘गॅसचं’ म्हणून कायम असतं, तेही बंद. पोटात जोराची कळ किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा आतडं अडण्याचा त्रास असलेल्यांनी सुरू करण्याआधीच सांगायला हवं.

ऑगस्टमध्ये पुन्हा ६.४ आलं आणि घरात रडारड. मामा मात्र अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. रक्त गावात काढलं होतं, मोटारसायकलवरून उन्हातान्हात सांगलीला पोचायला दुपार झाली होती. नमुन्यातल्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा फुगतो. त्याच संध्याकाळी मिरजेत ईसीजी काढला, रक्त परत दिलं : ५.१. तेव्हापासून नमुना लॅबमध्येच जाऊन देतो, आणि दंडाला पट्टी बांधल्यावर मूठ आवळ-सोड करायची नाही असं मामांना सांगून ठेवलंय. अनपेक्षित आकडा आला तर शंका घ्यायची ती तपासून, घरी बसून नाही.

उलटी बाजूही पाहिली. सप्टेंबरात जुलाब लागले, पुडी चालूच राहिली, आणि पोटॅशियम ३.३ वर उतरलं. कमी होणंही हृदयाला धोक्याचं, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांना तर जास्तच. आता जुलाब-उलट्या सुरू झाल्या की आधी फोन, मग पुडी. दर महिन्याला पोटॅशियमबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही बघतात, कारण या पावडरीनं कॅल्शियम वाढू शकतं. पुढे पोटॅशियम साधारण पाचच्या खाली टिकलं म्हणून डॉक्टरांनी पुडी एक दिवसाआड केली.

पुण्याच्या तज्ज्ञांनी पोटॅशियम धरणाऱ्या नव्या औषधांबद्दलही सांगितलं. आमच्या पावडरीचं सोडियमवालं जुनं भावंड अमेरिकेत १९५८ पासून आहे, पॅटिरोमर २०१५ मध्ये तिथे मंजूर झालं, सोडियम झिरकोनियम सायक्लोसिलिकेट २०१८ मध्ये. झिरकोनियमवाल्याचा परिणाम तासाभरात सुरू होतो, पण त्यात सोडियम, आणि मामांच्या पायाला आधीच सूज. शिवाय भाव ऐकून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सध्या जुनीच बरी.

नोव्हेंबरात मात्र कोडं पडलं. वेळा पाळलेल्या, पोट साफ, बटाटा चिरून भिजवून उकडून पाणी ओतून दिलेलं, शहाळं बंद, नमुना लॅबमध्येच दिलेला, तरी ५.७. आहारतज्ज्ञ बाईंनी तासगाव हा पत्ता वाचला आणि विचारलं, “बेदाणे खाता का हो?” मामा छताकडे बघायला लागले. सदऱ्याच्या खिशात मूठभर, रोज, घरचेच. बेदाणा म्हणजे पाणी काढून घेतलेलं द्राक्ष, पालाश सगळा तसाच. “घरचे आहेत, औषध मारलेले नाहीत,” असं मामांचं म्हणणं.

खिसा आता आत्या तपासतात. गेल्या आठवड्यात ४.८ आलं. काल मामा बागेत ठिबकवाटे शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे पन्नास टक्के पालाशचं खत, सोडायला उभे होते, मण्यात गोडी भरायचे दिवस आहेत. अकराचा गजर वाजला तेव्हा मी कप घेऊन बांधावर गेले. पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याला पन्नास टक्के, आणि मला मूठभर पण नाही.” मग बांधावरच सरळ बसले, ढवळली, प्यायले, कप विसळून तेही प्यायले.