खाडीकाठचं घर: सिडकोचा भाडेपट्टा, ठाण्याची मालकी की गावठाणालगतची इमारत?

नेरुळ-बेलापूरचा जुना फ्लॅट पसंत पडला तरी घरातलं कोणीतरी हटकतंच, "जमीन सिडकोची, आपली कुठे?" सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, ते जमीन भाडेपट्ट्याने देतं. मग मोर्चा ठाण्याकडे वळतो, कोलशेत-बाळकुमच्या बाजूला, मालकीच्या जमिनीवरचं घर शोधायला. मला ही धास्ती चुकीच्या जागी वाटते. खाडीकाठी मालकीच्या आधी भरतीरेषा, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी पोचतं ती रेषा, बघावी.

सिडकोचा मूळ भाडेपट्टा 60 वर्षांचा. विक्रीला सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. ते कोण भरणार हे करारातच लिहून घ्यावं. कटकट आहे, पण माहितीतली आहे, आणि बँका अशा घरांना कर्ज देतात. जास्त काळजी घ्यावी ती साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या, भूखंडावरच्या इमारतीत. तिथे सिडको, मूळ प्रकल्पग्रस्त आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार असतो. मूळ खातेदार वारला असेल तर सगळ्या वारसांच्या, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या झाल्यात का ते वकिलाकडून तपासून घ्या.

ठाण्यात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक हातात येतं, म्हणून निर्धास्त वाटतं. पण भोगवटादार वर्ग 2 असा शेरा असेल तर व्यवहाराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. येऊरच्या पायथ्याला 'इतर हक्क' रकान्यात खाजगी वनाची नोंद आहे का, तेही बघा.

आता मुख्य मुद्दा. 18 जानेवारी 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार खाडीकाठी भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी तेवढ्या पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण. 2011 च्या अधिसूचनेत हेच 100 मीटर होतं. खारफुटी 1000 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती आणखी 50 मीटरचा पट्टा राखावा लागतो. आणि खारफुटीला मिळणारं संरक्षण जमीन कुणाच्या मालकीची यावर ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे सातबारावर तुमचं नाव असलं तरी तिवराला, म्हणजे खारफुटीच्या झाडाला, हात लावता येत नाही.

ही रेषा दिसते किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर. स्थानिक पातळीवरचे नकाशे 1:4000 प्रमाणात असतात, म्हणजे 50 मीटर अंतर कागदावर अवघं सव्वा सेंटिमीटर. पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाड रेघ जमिनीवर दोन मीटर होते! इमारत अगदी रेषेवर असेल तर विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर राहू नका, सर्व्हे नंबरसह अधिकृत संस्थेचा अहवाल मागा. जुन्या खारजमिनीवर बांध आणि उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) 1991 च्या सीआरझेड अधिसूचनेच्या आधीची असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते. पण बांध फुटून आत तिवर रुजला असेल तर त्याला संरक्षण मिळतंच.

तिसरा पर्याय स्वस्त आहे, म्हणूनच मोह होतो. गावठाणालगत उभ्या राहिलेल्या, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतला फ्लॅट. गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा प्रश्न प्रकल्पग्रस्त कुटुंबांचा आहे आणि त्यांची मागणी रास्तच आहे. पण ती घरं नियमित होतील या आशेवर तुम्ही बाहेरून येऊन फ्लॅट घेऊ नये. नवी मुंबईतल्या दिघ्यातल्या बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश निघाले तेव्हा हाल झाले ते आयुष्याची पुंजी ओतलेल्या कुटुंबांचे.

परवानगी असली तरी सीआरझेड मोडलेला असेल तर काय होतं, हे कोचीजवळच्या मरडूने दाखवलं. पंचायतीच्या परवानगीने बांधलेली चार संकुलं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2020 मध्ये स्फोटाने पाडली गेली. फ्लॅटधारकांना अंतरिम भरपाई मिळाली प्रत्येकी 25 लाख रुपये.

म्हणून वाशीत पाण्यापासून दूर असलेल्या सेक्टरमधला भाडेपट्ट्याचा फ्लॅट आणि ठाण्यात कुंपणाला खारफुटी टेकलेला मालकीचा फ्लॅट एकाच भावात मिळत असतील, तर मी वाशीचा घेईन. ठाण्याची इमारत रेषेबाहेर असेल, भोगवटा प्रमाणपत्र असेल, तर मात्र ठाणं सरस. हस्तांतरणाचा जाच नाही, पुनर्विकासही सोपा. दोन्हीकडे टोकन देताना एक अट लिहून घ्या: सीआरझेडची कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत दाखवली नाहीत तर टोकनची पूर्ण रक्कम परत.