‘नाइस’चा अर्थ पाहावा तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत

‘नाइस’सारख्या शब्दासाठी कोश उघडावा लागेल असे मला कधी वाटले नव्हते. अनुवाद करताना ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ हे शब्द समोर आले, मोबाइलवरच्या कोशाने ‘छान, सुखद’ एवढेच सांगितले आणि मी ‘छान फरक’ असे लिहून पुढे गेले. तो परिच्छेद वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन संज्ञांमधल्या बारीक भेदाविषयी होता, हे दुसऱ्या वाचनात ध्यानात आले आणि तेव्हा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीकडे वळले.

हा कोश अर्थांची मांडणी इतिहासक्रमाने करतो, त्यामुळे ‘नाइस’ची नोंद ‘मूर्ख, अडाणी’ या अर्थापासून सुरू होते. लॅटिनमधल्या ‘नेस्कियस’चा, म्हणजे ‘न जाणणारा’ या शब्दाचा हा वंशज जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पुढे तो स्वैर वागणाऱ्याला, मग चोखंदळ माणसाला, मग काटेकोर आणि सूक्ष्म गोष्टीला लागू झाला, आणि ‘सुखद’ हा अर्थ रुळायला अठरावे शतक उजाडले. प्रत्येक अर्थाखाली त्या त्या काळच्या लेखनातली वाक्ये सालवार दिलेली असल्यामुळे हे स्थित्यंतर वाचकाला स्वतः पडताळून पाहता येते. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अनेक वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे ठरवणे अवघड आहे, अशी कबुलीही नोंदीत आहे. कोशकारांच्या या सचोटीमुळे माझा या ग्रंथावरचा विश्वास दुणावला. ‘सूक्ष्म भेद’ हा मला हवा असलेला अर्थ तिथे उदाहरणांसह सापडला.

मात्र घाईच्या वाचकाला ही मांडणी जड जाईल, कारण आजचा रूढ अर्थ गाठेपर्यंत मागे पडलेले बरेच अर्थ ओलांडावे लागतात. इंग्रजी शिकणाऱ्याने आधी ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी पाहावी. तिथे आजचा वापर प्रथम येतो. मोठ्या कोशाची संपूर्ण ऑनलाइन आवृत्ती वर्गणी भरूनच मिळते, ही त्याची खरी अडचण आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी ग्रंथालयात १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीचे २० खंड आहेत का, याची चौकशी करावी. त्यात कालबाह्य अर्थांपुढे कट्यारीसारखी खूण असते आणि ‘नाइस’ दहाव्या खंडात आहे.