नाशिकची प्रायव्हेट वाइन टूर : पैसे भरण्याआधी हे वाचा

हंगामात नाशिकच्या द्राक्षबागा आणि वाइनरी बघायला जायचं ठरवत असाल आणि सोशल मीडियावरची जाहिरात बघून ‘प्रायव्हेट डे टूर’ घेणार असाल, तर समोरच्याला एकच प्रश्न विचारा. कोणत्या वाइनरी? नावं लेखी द्या. आमच्या टूरवाल्याने फोनवर मोठमोठी नावं घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवलं त्यात वाइनरींबद्दल मात्र फक्त ‘तीन प्रीमियम वाइनरी, टेस्टिंगसह’ एवढंच होतं. पुढे जे घडलं ते सगळं या एका ओळीच्या आडून घडलं, म्हणून हे लिहिते आहे.

माझी नणंद कॅनडात, टोरांटोजवळ राहते. तिथल्या नायगारा भागातल्या वाइनरी तिने पाहिल्या आहेत आणि आपल्या नाशिकच्या बघायची तिची बरीच वर्षांची इच्छा होती. सोबत मी, माझा नवरा आणि सासूबाई. आईंचं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. त्या वाइन घेत नाहीत, बाग बघायला म्हणून आल्या होत्या. रात्री नाशिकरोडला त्यांच्या भाचीकडे मुक्काम करायचा होता, म्हणून बॅगा बरोबर होत्या. या बॅगांचा पुढे संबंध येतो.

ठरलं ते असं : माणशी ३,८०० रुपये, चौघांचे १५,२००, निम्मे आधी. इनोव्हा, सोबत गाइड, तीन वाइनरी, प्रत्येक ठिकाणी टेस्टिंग, जेवण आणि द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम. फोनवर नणंदेने बाहेरदेशातून आल्याचं सांगितल्याबरोबर आधी सांगितलेला ३,२०० चा दर ३,८०० झाला होता, ‘विकेंड रेट’ म्हणून. ७,६०० रुपये यूपीआयने गेले. पैसे घेणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हे, एका व्यक्तीचं दिसत होतं. कंपनीचं खातं अपडेट होतंय, असं त्यावर उत्तर मिळालं.

सकाळी नाशिकरोड स्टेशनबाहेर इनोव्हाऐवजी अर्टिगा उभी होती. ‘इनोव्हाचा एसी गेला.’ गाइड नव्हता, तो म्हणे वाइनरीवर भेटणार होता. गाडीची नंबर प्लेट पांढरी होती. भाड्याने फिरणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे अशा गाडीला परवाना लागतो. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, कारण खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. नवऱ्याने हे ड्रायव्हरला विचारलं तेव्हा त्याने फोन लावून दिला आणि पलीकडून ‘सर, फॅमिलीसारखं नेतो, काळजी करू नका’ एवढंच ऐकू आलं.

नाशिकच्या वाइनरी एका जागी नाहीत, हे बाहेरून येणाऱ्याला माहीत नसतं आणि हे लोक त्याचाच फायदा घेतात. गंगापूर धरणाकडच्या वाइनरी शहराच्या पश्चिमेला. दिंडोरी उत्तरेला. विंचूरचं वाइन पार्क पूर्वेला, निफाडच्याही पुढे येवल्याच्या रस्त्यावर. संजेगाव, कावनई इगतपुरी तालुक्यात, म्हणजे मुंबईच्या बाजूला. आम्हाला गंगापूर, दिंडोरी आणि इगतपुरी असं तिन्ही एका दिवसात सांगितलं होतं. प्रत्येक ठिकाणी नीट फेरी आणि टेस्टिंग करायचं तर दोन ठिकाणांत दिवस संपतो. तीन दिशांच्या तीन वाइनरी कुणी एका दिवसात दाखवतो म्हणाला, तर त्यातली निदान एक तरी तो दाखवणार नसतो.

गंगापूरच्या रस्त्याला लागल्यावर ड्रायव्हरला एक फोन आला. त्याने गाडी वळवली. ‘आज तिथं लग्नाचं बुकिंग आहे, बाहेरच्यांना घेत नाहीत. त्याऐवजी तुम्हाला खरी, शेतकऱ्याची वाइन दाखवतो.’ आम्ही गेटपर्यंत तरी ने म्हणालो. तो म्हणाला, गेटवर गर्दी आहे, गाडी अडकेल. तोवर गाडी दिंडोरी रस्त्याला लागलेली होती.

दिंडोरीच्या अलीकडे आतल्या रस्त्याने जाऊन एका मळ्यात थांबलो. पत्र्याच्या शेडवर इंग्रजीत ‘वाइन टेस्टिंग’ लिहिलेला फ्लेक्स. ‘गाइड’ म्हणून एक तरुण आला. पाठ केल्यासारखं तो बोलत होता : फ्रान्समधून आणलेल्या वेली, ही चेनिन ब्लाँ, हिची व्हाइट वाइन होते. आई मांडवाखाली गेल्या, एक मणी तोडून तोंडात टाकला आणि त्याला विचारलं, “दादा, ह्यात बी कुठाय?”

तो म्हणाला, ही बिनबियांची चेनिन आहे.

“ही थॉमसन हाय. आमच्याकडं तासगावात हिचेच बेदाणे करत्यात.”

इतक्या शांतपणे बोलल्या त्या. मग माझ्याकडे वळून मला एकेक दाखवू लागल्या. मणी लांबट, कारण फुगवणीसाठी जीएची (जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढीच्या संजीवकाची) प्रक्रिया केलेली. घड विरळ, कारण विरळणी केलेली, एक्स्पोर्टच्या मालाला करतात तशी. काही घडांना ऊन लागू नये म्हणून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. वाइनसाठी हा सगळा खर्च कुणी करत नाही. वाइनची द्राक्षं लहान, गोल, जाड सालीची असतात, घड गच्च असतो आणि मण्यात बी असतंच. वेलीही बहुतेक तारांवर सरळ उभ्या ओळीत चढवलेल्या असतात, वर मांडव पसरलेला नसतो. थॉमसनपासून वाइन होतच नाही असं नाही, पण खाण्याच्या द्राक्षाची बाग दाखवून तिला चेनिन म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. बागेचा मालक बिचारा कदाचित वेगळाच असेल. त्याचा माल एक्स्पोर्टला जाणार असेल आणि आपल्या बागेत काय चाललंय याची त्याला कल्पनाही नसेल.

शेडमध्ये प्लास्टिकच्या ग्लासात टेस्टिंग सुरू झालं. बाटल्यांवर लेबल नव्हतं. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही, थेट फार्मवरून, म्हणून लेबल नाही.’ नणंदेने वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला. माझ्याही नाकाला ते साखरेच्या पाकात स्पिरिट घातल्यासारखं वाटलं. आम्ही प्यायलो नाही. हे मी फार कळकळीने सांगते : लेबल नसलेली दारू तोंडाला लावू नका, ती कितीही ‘घरची’ म्हणून दिली तरी. बाटलीबंद वाइनच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, अल्कोहोलचं प्रमाण आणि एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक असायलाच हवा. मद्याच्या बाटल्यांसाठी हे नियम २०१९ पासून लागू आहेत. परवान्याशिवाय दारू बनवणं आणि विकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. विषारी दारूने माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या बाटल्यांवरही लेबल नसतं.

तरीही बाटली ७०० रुपयांना घ्या म्हणून आग्रह सुरूच राहिला. नाही म्हटल्यावर द्राक्षं तुडवायला प्लास्टिकचं टब आणलं. त्यात बाजारात न गेलेला, काळवंडलेला माल होता. त्याच्यावर चिलटं घोंघावत होती. नणंदेने पाय घालायला नकार दिला.

त्यानंतर बेदाण्याच्या दुकानात नेलं, ‘फॅक्टरी रेट’ म्हणून. तिथेही आईंनी मूठभर हातात घेऊन भाव विचारला आणि खाली ठेवले. जेवण म्हणून रस्त्यावरच्या हॉटेलात मिसळ मिळाली. मिसळीबद्दल तक्रार नाही, नाशिकची मिसळ चांगलीच असते. पण ‘वाइनरीच्या रेस्टॉरंटमध्ये लंच’ असं आम्हाला लिहून दिलं होतं. तिसरी वाइनरी ‘आता बंद होईल’ म्हणून रद्द झाली.

संध्याकाळी अंधार पडता पडता दिंडोरी रस्त्यालाच एका बाजूला गाडी थांबली आणि ड्रायव्हरने हिशेब सांगितला. उरलेले ७,६००. ‘एक्साइज परमिट’ माणशी ५०० प्रमाणे २,०००. टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता १,८००. एकूण ११,४००. परमिट आईंचंही लावलं होतं, ज्यांनी दारूला हातही लावला नव्हता. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो हे खरं. पण एक दिवसाच्या परवान्याचं शुल्क अगदी नाममात्र असतं, आणि आमच्या नावाचा परवान्याचा कागद तर कुणी दाखवलाच नाही. नवऱ्याने पैसे द्यायला नकार दिल्यावर ड्रायव्हर म्हणाला, “मग बॅगा उद्या ऑफिसवरून घेऊन जा.” डिकी त्याच्या ताब्यात, रस्ता सामसूम, सत्तरी ओलांडलेल्या आई मागच्या सीटवर. नवऱ्याने ११२ लावायला फोन काढला तसा आकडा उतरत ९,००० वर आला. आईंना त्या अंधारात आणखी बसवून ठेवायचं नव्हतं, म्हणून ते दिले. पैशांपेक्षा मला त्याचा राग आहे. म्हाताऱ्या माणसाच्या भीतीवर त्याने शेवटचे पैसे काढले.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या यजमानांनी त्यांच्या गाडीने आम्हाला गंगापूर धरणाकडच्या त्याच वाइनरीत नेलं. काउंटरवर पैसे भरून आत गेलो, काही शे रुपयांत फेरी आणि टेस्टिंग. स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, लेबल लावलेल्या बाटल्यांमधून थोडी थोडी वाइन, प्रत्येकीबद्दल नीट माहिती. चेनिन ब्लाँची खरी बाग आईंनी तिथे पाहिली. मणी फोडून बी काढून दाखवलं आणि लहान मुलासारख्या खूश झाल्या. नणंद म्हणाली, नायगाराला कमी नाही हे. काउंटरवर विचारलं तर आदल्या दिवशी लग्न वगैरे काही नव्हतं, वाइनरी नेहमीसारखी चालू होती, आणि आमच्या टूरवाल्याचं नाव त्यांच्याकडे कुठेच नव्हतं.

मला याचंच वाईट वाटतं. नाशिकच्या शेतकऱ्यांनी आणि उद्योजकांनी हे उभं केलंय. राजीव सामंतांनी १९९९ मध्ये सुला सुरू केली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाली, पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. लोक दुरून हे बघायला येतात आणि त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये नेलं जातं.

तक्रारीचं काय झालं तेही सांगते, कारण इथेही लोक दमून सोडून देतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पहिल्या ७,६०० रुपयांचा व्यवहार क्रमांक होता, तो कामी आला. शेवटचे ९,००० त्याने रोख मागितले होते, त्याचा पुरावा आमच्याकडे नाही. अशा वेळी रोख देऊ नका, यूपीआयनेच द्या, म्हणजे निदान नाव आणि क्रमांक उरतो. आमच्या पोलीस ठाण्यात आधी सांगितलं की घटना दिंडोरीची, म्हणजे नाशिक ग्रामीणची हद्द, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे सांगितल्यावर अर्ज घेतला आणि पोच दिली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, पण विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि या लोकांनी तोच कुठे ठेवलेला नाही. म्हणून बुकिंगच्या आधी जीएसटी क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता मागा. देत नसतील तर वाइनरीला थेट फोन करून जागा राखून ठेवा आणि नाशिकहून पिवळ्या प्लेटची गाडी वेगळी ठरवा.

टूरवाल्याचा नंबर आता बंद आहे. पण तोच शेडचा फ्लेक्स आणि तेच फोटो असलेली जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाली आहे. तिचे स्क्रीनशॉट मी आमच्या तक्रारीला जोडले आहेत. तुमच्यापैकी कुणाला दिंडोरीकडच्या शेडमध्ये असंच नेलं असेल, तर रक्कम छोटी म्हणून सोडू नका. यूपीआयची पावती, चॅट आणि गाडीचा नंबर घेऊन १९३० वर तक्रार द्या आणि नाशिक ग्रामीण पोलिसांकडेही लेखी अर्ज करा. एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी आल्या, तर तपास पुढे सरकण्याची शक्यता वाढते, असं आमचा अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितलं आहे.